मोटार शर्यती, हौशी : वजन व शक्ती यांचे नियम

निरनिराळ्या बनावटीच्या मोटारगाड्यांना एकाच गटात न्याय्य रीतीने स्पर्धा करता यावी म्हणून गाडीचे किमान वजन, एंजिनाची कमाल शक्ती अथवा या दोहोंचे गुणोत्तर ठरवून देणाऱ्या नियमांचा येथे विचार केला आहे. कुस्तीत मल्लांचे वजनगट पाडतात आणि घोड्यांच्या शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देतात. मोटार शर्यतींच्या नियमांत या दोन्ही कल्पनांचा वापर केलेला आढळतो. मात्र मोटार शर्यतीत चालकाचे कौशल्य, यंत्राची क्षमता व मालकाने केलेला खर्च या तीन गोष्टी निकालात एकजीव झालेल्या असतात. त्यांतील पहिलीला वाव देणे व उरलेल्या दोहोंना आवर घालणे, हा या नियमांचा हेतू होय.

व्यावसायिक शर्यतीत गाडीचा खर्च उत्पादक वा पुरस्कर्ते करतात. हौशी चालक स्वतःच्या बचतीतून गाडी घेतो, बहुधा स्वतःच ती दुरुस्त करतो आणि सुटीच्या दिवशी शर्यतीत उतरतो. नियमातील एका ओळीच्या बदलाने त्याची गाडी निरुपयोगी ठरू शकते. उलट नियम ढिले राहिले, तर अधिक पैसा ओतणाराच जिंकतो आणि बाकीचे हळूहळू शर्यती सोडून देतात. म्हणून न्याय्यतेचा प्रश्न हौशी शर्यतींच्या अस्तित्वाशीच निगडित आहे.

इतिहास : प्रारंभीच्या शर्यतींत वजनाची कमाल मर्यादा घालण्याची पद्धत होती. वजन मर्यादित केले म्हणजे एंजिनाचा आकार व त्याबरोबर वेगही मर्यादित राहील, अशी त्यामागील कल्पना होती. १९०२ पासून मोठ्या गाड्यांसाठी १,००० किग्रॅ.ची कमाल मर्यादा अंमलात आली. निर्मात्यांनी मोठी एंजिने कायम ठेवून सांगाडा व इतर भाग हलके केले. १९०३ ची पॅरिस-माद्रिद शर्यत अनेक प्राणघातक अपघातांमुळे बॉर्दो येथेच थांबवावी लागली. या अपघातांना बेफाम गर्दी व धूळ ही कारणे होतीच. परंतु हलक्या सांगाड्यावर अवाढव्य एंजिन बसविण्याच्या प्रवृत्तीवरही त्या वेळी टीका झाली.

यानंतर सिलिंडराच्या व्यासावर मर्यादा घालून पाहण्यात आली. १९०८ च्या ग्रां प्रीसाठी चार सिलिंडरांच्या एंजिनाचा व्यास १५५ मिमी.पर्यंत मर्यादित केला आणि गाडीचे किमान वजन १,१०० किग्रॅ. ठरविले. व्यास बांधून दिल्यामुळे अभिकल्पकांनी दट्ट्याची धाव वाढविली. छोट्या गाड्यांच्या शर्यतींत या प्रवृत्तीने टोक गाठले. लायन-प्यूजो कंपनीच्या १९१० मधील दोन सिलिंडरांच्या एंजिनाचा व्यास ८० मिमी., तर धाव २८० मिमी. होती.

१९३४ ते १९३७ या काळात ग्रां प्री गाड्यांसाठी पुन्हा कमाल वजनाची, ७५० किग्रॅ.ची मर्यादा आली; तीत चालक, इंधन, तेल, पाणी व टायर यांचे वजन धरलेले नव्हते. वेग कमी व्हावा हा हेतू होता. प्रत्यक्षात मर्सिडीझ-बेंझ व ऑटो युनियन या जर्मन कंपन्यांनी हलक्या मिश्रधातूंचा उपयोग करून वजन मर्यादेत राखले आणि शक्ती वाढवीत नेली. १९३७ च्या मर्सिडीझ गाडीची शक्ती सु. ६०० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. १९३८ पासून एंजिनाच्या घनफळावर मर्यादा व घनफळाप्रमाणे बदलणारे किमान वजन, अशी उलट पद्धत स्वीकारण्यात आली. नियम ज्या राशीचे मोजमाप करतो ती राशी सोडून इतर सर्व राशींचा अभिकल्पक पुरेपूर फायदा घेतात, हा या इतिहासाचा निष्कर्ष पुढील प्रत्येक नियमाला लागू पडतो.

हौशी शर्यतींची परंपरा काहीशी वेगळी आहे. इंग्लंडमध्ये १९०७ साली सुरू झालेल्या ब्रुकलँड्झ येथील मार्गावर घोड्यांच्या शर्यतींच्या धर्तीवर हँडिकॅप पद्धत रूढ झाली. संथ गाडीला आधी व वेगवान गाडीला काही सेकंदांनी मागाहून सोडीत. कोणतीही गाडी घेऊन येणाऱ्यास जिंकण्याची आशा असे. परंतु निकाल हँडिकॅप ठरविणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून राही आणि आधी मुद्दाम सावकाश चालवून सवलत मिळविण्याचा मोहही होई. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ७५० मोटार क्लबने ऑस्टिन सेव्हन या स्वस्त गाडीचे भाग आधाराला घेऊन वेगळा मार्ग काढला. सर्वांना सारखेच साधे एंजिन देऊन बाकीची चतुराई सांगाड्यात दाखवू द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. याच विचारातून पुढे फोक्सवॅगनच्या १,२०० घ. सेंमी. एंजिनावर आधारलेली अमेरिकेतील फॉर्म्युला व्ही आणि १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली फॉर्म्युला फोर्ड हे वर्ग लोकप्रिय झाले.

अमेरिकेत १९४४ मध्ये स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संघटनेने हौशी शर्यतींचे मोठे जाळे उभारले. तिच्या उत्पादित गाड्यांचे गट प्रथम एंजिनाच्या घनफळावर आधारलेले होते. पुढे गाडीच्या एकूण क्षमतेचा अंदाज घेऊन गट पाडण्याची पद्धत आली आणि तिच्याबरोबर न्याय्यतेचा वाद सुरू झाला. कारण घनफळ मोजता येते, क्षमतेचा मात्र अंदाजच करावा लागतो.

भौतिकीय आधार : गाडीच्या प्रवेगासाठी उपलब्ध असलेली शक्ती भागिले तिचे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, एवढा प्रवेग गाडीला मिळतो. म्हणून वजन व शक्ती यांचे गुणोत्तर समान असल्यास दोन गाड्या समान ठरतील, असे सकृद्दर्शनी वाटते. मंद वेगाला हे बऱ्याच अंशी खरे आहे. वेग वाढल्यावर मात्र हवेची ओढ महत्त्वाची ठरते. ओढीवर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि तिचा गाडीच्या वजनाशी काहीही संबंध नसतो.

उदाहरणार्थ, ९०० किग्रॅ. वजनाची ९० अश्वशक्तीची एक गाडी आणि १,५०० किग्रॅ. वजनाची १५० अश्वशक्तीची दुसरी गाडी घेऊ. दोहोंचे गुणोत्तर अश्वशक्तीस १० किग्रॅ. असे आहे. दोहोंचा ओढ गुणांक व समोरील क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०·६५ चौ. मी. धरला आणि इतर व्यय सोडून दिले, तर ताशी ९० किमी. वेगाला ओढीसाठी सु. ६ किवॉ. शक्ती लागते व दोन्ही गाड्यांचा प्रवेग जवळजवळ सारखा, अनुक्रमे २·७ व २·८ मी./से.२, येतो. ताशी १८० किमी. वेगाला ओढीसाठी लागणारी शक्ती आठपट, म्हणजे सु. ४९ किवॉ. होते. आता हलक्या गाडीचा प्रवेग सु. ०·४ मी./से.२, तर जड गाडीचा सु. ०·८ मी./से.२, म्हणजे दुप्पट राहतो. लांब सरळ पट्ट्यावर जड गाडी पुढे जाणार हे यावरून स्पष्ट होते.

वळणावर व ब्रेक लावताना परिस्थिती उलटते. टायरवरील भार दुप्पट केला, तर त्याची पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. म्हणजे भाराबरोबर घर्षण गुणांक घटत जातो. त्यामुळे तेच टायर लावलेली हलकी गाडी वळण अधिक वेगाने घेते. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात असल्याने जड गाडीचे ब्रेक अधिक तापतात व टायर लवकर झिजतात. यामुळे समान गुणोत्तराच्या दोन गाड्यांपैकी कोणती सरस हे मार्गावर ठरते. लांब सरळ पट्ट्यांच्या मार्गावर एकीला व वळणावळणाच्या मार्गावर दुसरीला अन्याय झाल्यासारखा वाटतो. चालविणारी चाके पुढची की मागची, निलंबनाची रचना व एंजिनाचे स्थान यांचाही परिणाम होतो. गुणोत्तरात यांपैकी कशाचेच प्रतिबिंब पडत नाही.

शक्तीचा आकडाही एकच नसतो. एंजिनाची कमाल शक्ती एका विशिष्ट फेरेगतीला मिळते. शर्यतीत मात्र ते एंजिन एका मोठ्या पट्ट्यात फिरत असते. १५० अश्वशक्ती मिनिटाला ७,००० फेऱ्यांनाच देणारे एंजिन आणि ५,००० ते ७,००० फेऱ्यांपर्यंत जवळपास तेवढीच शक्ती टिकविणारे एंजिन कागदावर समान असले, तरी मार्गावर दुसरे स्पष्टपणे सरस ठरते. म्हणून काही संघटनांनी कमाल शक्तीऐवजी अनेक फेरेगतींना मोजलेल्या शक्तींची सरासरी घेण्याचा नियम केला आहे.

नियमांचे प्रकार : हौशी शर्यतींत आढळणाऱ्या नियमांचे पुढील चार मुख्य प्रकार करता येतात.

(१) एकाच बनावटीच्या गाड्यांचे वर्ग : यांत सर्वांची गाडी सारखी असते. अमेरिकेतील स्पेक रेसर वर्गात एंजिन व दंतचक्रपेटी यांवर मोहोर लावलेली असते आणि ती उघडण्याचा अधिकार मालकाला नसतो. समानतेच्या दृष्टीने हा सर्वांत समाधानकारक प्रकार होय. परंतु ज्याच्याजवळ आधीच दुसरी गाडी आहे त्याला येथे स्थान नाही. शिवाय समानता येथेही पूर्ण नसते. स्पेक मियाटा या लोकप्रिय वर्गात माझ्दा कंपनीच्या एकाच मॉडेलच्या १·६ व १·८ लि. एंजिनांच्या निरनिराळ्या वर्षांच्या गाड्या एकत्र धावतात. त्यांच्यासाठी वेगवेगळी किमान वजने आणि काही गाड्यांसाठी आत येणारी हवा रोखणाऱ्या भोके पाडलेल्या चकत्या ठरवाव्या लागल्या. २०१४ च्या राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतीत या वर्गातील आघाडीच्या अनेक गाड्या सिलिंडर-शीर्षावरील नियमबाह्य कामामुळे अपात्र ठरल्या.

(२) सूत्राने ठरविलेले किमान वजन : या प्रकारात प्रत्येक मॉडेलचे वजन संघटना ठरवून देते. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या इंप्रूव्ह्ड टूरिंग या गटांत मूळ शक्तीत नियमानुसार मिळू शकणारी अपेक्षित वाढ मिळवून तिला गटाच्या ठराविक गुणकाने गुणण्याची पद्धत पडली. ही वाढ पुष्कळदा २५% धरतात. समजा, मूळ शक्ती १३० अश्वशक्ती असून गुणक ६·६ किग्रॅ. आहे, तर अपेक्षित शक्ती १६२·५ अश्वशक्ती व वजन सु. १,०७० किग्रॅ. येते. त्यानंतर पुढची चाके चालविणाऱ्या गाडीस वजनात सवलत किंवा सरस निलंबनाबद्दल वाढ, असे फेरफार करतात. सूत्र सर्वांना सारखे व जाहीर असल्याने ते न्याय्य वाटते. परंतु सर्व एंजिने सारख्या प्रमाणात सुधारत नाहीत. उत्पादकाने मुद्दाम दाबून ठेवलेल्या एंजिनाची शक्ती ४०% वाढू शकते, तर मुळातच ताणून बसविलेल्या एंजिनाची १०% वाढवणेही कठीण जाते. कोणत्याही मॉडेलला जिंकण्याच्या शक्यतेची हमी नाही, हे या संघटनेच्या नियमावलीत स्पष्ट केलेले असते. कठोर वाटले, तरी हे विधान गाडी निवडणाऱ्यास आधीच सावध करते.

(३) मोजलेल्या शक्तीवर आधारलेले गुणोत्तर : १९९१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनने जर्मन गाड्यांची मालिका व इतर काही वर्ग या तत्त्वावर चालविले आहेत. गाडीत कोणते फेरफार करावेत यावर फारसे बंधन नसते. मात्र चाकांपाशी मोजलेली शक्ती व चालकासह वजन यांचे गुणोत्तर वर्गाच्या मर्यादेत हवे. ज्याची शक्ती अधिक असेल त्याने वजन वाढवावे किंवा शक्ती घटवावी. टायरची रुंदी वगैरे बाबींसाठी गुणोत्तरात दुरुस्ती करतात. यामुळे जुनी गाडी टाकून देण्याची पाळी येत नाही. या पद्धतीचे यश मात्र मोजमापाच्या विश्वासार्हतेवर अवलंबून आहे.

(४) कामगिरीवरून समायोजन : मागील शर्यतींचे निकाल पाहून वजन वाढविणे वा हवेचा मार्ग आकुंचित करणे, ही पद्धत व्यावसायिक टूरिंग व जीटी गाड्यांच्या शर्यतींत रूढ आहे. हौशी शर्यतींत ती जपून वापरावी लागते. विजय गाडीमुळे झाला की चालकामुळे, हे थोड्या शर्यतींवरून सांगता येत नाही. एखादे मॉडेल एकाच कुशल चालकाने निवडले असेल, तर त्याच्या विजयांची शिक्षा त्या मॉडेलच्या इतर सर्व मालकांना भोगावी लागते. आणि ज्यांना सवलत हवी आहे ते शक्य असूनही सावकाश चालवू लागतात.

यांखेरीज खर्चावर नियंत्रण ठेवण्याचेही उपाय आहेत. अमेरिकेतील अंडाकृती मार्गांवरील काही स्थानिक शर्यतींत विजेत्याचे एंजिन ठराविक किंमतीस विकत मागण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्याला असतो. त्यामुळे त्या किंमतीहून फार अधिक पैसे एंजिनावर घालणे आतबट्ट्याचे ठरते. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या स्वस्त गाड्यांच्या शर्यतींत ५०० डॉलरांची मर्यादा असून जास्त खर्च केल्याचा संशय आल्यास फेऱ्यांचा दंड करतात.

चालकाचे वजन : गाडीचे वजन चालकासह मोजावे की चालकाविना, या प्रश्नाचा निकालावर प्रत्यक्ष परिणाम होतो. ६० किग्रॅ. व ९० किग्रॅ. वजनाच्या दोन चालकांमुळे ४०० किग्रॅ.च्या एकआसनी गाडीचे एकूण वजन सु. ६·५% ने बदलते, ८० किग्रॅ.च्या कार्टच्या बाबतीत हा फरक सु. २१% होतो. चालकाविना वजन मोजल्यास भारदस्त व्यक्तीला हा खेळ जवळजवळ बंदच होतो. म्हणून बहुतेक हौशी वर्गांत चालकासह किमान वजन ठरवितात आणि हलक्या चालकास शिशाचे अथवा पोलादाचे वजन गाडीत बसवावे लागते. येथेही संपूर्ण समानता येत नाही. बसविलेले वजन तळाशी व चालकाच्या विरुद्ध बाजूस ठेवता येते, त्यामुळे हलक्या चालकाच्या गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो व तोल सुधारतो. यास्तव ते कोठे बसवावे व बोल्टांनी कसे पक्के करावे हे नियमांत सांगितलेले असते. सुटलेले वजन अपघातात जीवघेणे ठरू शकते, हेही त्याचे कारण आहे.

तपासणी : वजनाची तपासणी सोपी असते. शर्यत संपताच गाडी चालकासह काट्यावर घेतात. जळलेल्या इंधनाची सबब ग्राह्य नसल्याने प्रत्येकजण थोडे वजन जादा ठेवतो. शक्तीची तपासणी मात्र कठीण असते. चाकांपाशी शक्ती मोजणारी निरनिराळ्या बनावटींची यंत्रे एकाच गाडीसाठी वेगळे आकडे देतात. टायरमधील दाब, तेलाचे तापमान व गाडी बांधण्याची पद्धत यांनीही फरक पडतो. १५० अश्वशक्तीत २% चूक म्हणजे ३ अश्वशक्ती. अश्वशक्तीस ७ किग्रॅ. या गुणोत्तराने ती २१ किग्रॅ. वजनाइतकी होते, आणि एवढ्या वजनासाठी हौशी मंडळी आसने व दारेही बदलतात. हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने १,५०० मी. उंचीवर सु. १४% कमी असते. त्यामुळे साध्या एंजिनाची शक्ती तेथे घटते, टर्बोचार्जर बसविलेल्या एंजिनाची त्या मानाने कमी घटते. म्हणून उंचीवरील मार्गावर तेच गुणोत्तर दोघांना सारखे उरत नाही.

एंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनीय झाल्यापासून आणखी एक अडचण उद्‌भवली आहे. तपासणीच्या वेळी एक व शर्यतीच्या वेळी दुसरी आज्ञावली वापरणे तांत्रिक दृष्ट्या शक्य आहे. यावर शर्यत संपल्याबरोबर अकस्मात मापन करणे, गाडीत वेग व प्रवेग नोंदणारे उपकरण बसविणे आणि त्या नोंदींवरून शक्तीचा हिशेब करणे, असे उपाय योजतात. मात्र प्रत्येक उपायाचा खर्च शेवटी प्रवेशशुल्कात येतो. ज्या संघटनेत तपासनीस स्वयंसेवक आहेत, तेथे सहज तपासता येईल असा ढोबळ नियम, तपासता न येणाऱ्या सूक्ष्म नियमापेक्षा अधिक न्याय्य ठरतो. न तपासलेला नियम केवळ प्रामाणिक माणसालाच बांधतो.

न्याय्यतेचे स्वरूप : या सर्व नियमांच्या मुळाशी न्यायाच्या दोन भिन्न कल्पना आहेत. एकीनुसार सर्वांना समान नियम लागू असावेत व आधीपासून माहीत असावेत. मग योग्य गाडी निवडणे हाही कौशल्याचाच भाग होय. दुसरीनुसार कोणतीही गाडी घेऊन आलेल्यास उत्तम चालविल्यास जिंकण्याची रास्त संधी असावी. पहिली कल्पना टोकास नेल्यास वर्गात एकच मॉडेल उरते, कारण सर्वजण तेच विकत घेतात. दुसरी टोकास नेल्यास गाडी सुधारण्याच्या श्रमाला अर्थ उरत नाही, कारण मिळविलेली प्रत्येक सुधारणा पुढच्या वर्षी वजनाच्या रूपाने काढून घेतली जाते.

व्यवहारात टिकलेल्या वर्गांत या दोहोंचा मेळ आढळतो. तेथे गाडीच्या गुणांवरून, चालकाच्या निकालावरून नव्हे, वजन ठरविले जाते. सूत्र व त्यातील गृहीतके जाहीर असतात. बदल हंगामाच्या मध्यावर न करता पुरेशी सूचना देऊन केले जातात. आणि चूक दुरुस्त करण्यासाठी अर्ज करण्याची सोय असते. गाड्यांमधील १% किंवा २% तफावत चालकाच्या कौशल्याने भरून निघते व ती बहुतेकांना मान्य असते. ज्याचे कारण कोणी सांगू शकत नाही असे वजन मात्र, ते अल्प असले तरी, सहसा मान्य होत नाही.

सुरक्षिततेचाही येथे विचार करावा लागतो. समानतेसाठी वजन वाढवीत गेल्यास ब्रेक, चाके व बेअरिंगे यांवर मूळ अभिकल्पात न धरलेला ताण येतो. फार कमी वजन ठरविल्यास मालक सांगाड्याचे आवश्यक भाग कापू लागतात. म्हणून अधिक सामर्थ्याच्या गाडीला एका मर्यादेपलीकडे वजन न देता वरच्या गटात पाठविणे इष्ट समजतात.

भारतातील परिस्थिती : भारतात १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लबने मद्रासजवळील शोलावरम् येथील जुन्या विमान-धावपट्टीवर दीर्घकाळ शर्यती भरविल्या, १९९० पासून इरुंगट्टुकोट्टै येथील मार्गाचा उपयोग सुरू झाला. आयातीवरील निर्बंधांच्या काळात देशात मोजकीच मॉडेले उपलब्ध होती. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर कंपनी बनवीत असलेली १,०८९ घ. सेंमी.ची फियाट, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड व कलकत्त्याजवळ बनणारी १,४८९ घ. सेंमी.ची अँबॅसडर या त्यांपैकी प्रमुख होत. मॉडेले थोडी असल्याने घनफळावरून पाडलेले गट पुरेसे वाटत. पुढे मारुती ८०० गाडीच्या एंजिनावर एकआसनी गाड्यांचा वर्ग निघाला व कमी खर्चात समान यंत्र मिळण्याची सोय झाली. १९९० नंतर बाजारात अनेक बनावटी आल्या. एकाच घनफळाच्या दोन एंजिनांत झडपांची संख्या, इंधन-अंतःक्षेपण व टर्बोचार्जर यांमुळे मोठा फरक पडू लागल्याने निव्वळ घनफळाचा निकष अपुरा पडतो. हौशी शर्यतींचा येथे विस्तार व्हावयाचा असेल, तर वजन व शक्ती यांचा एकत्रित विचार करणारे, परंतु साध्या काट्यावर व मोजक्या उपकरणांनी तपासता येतील असे नियम लागतील.